झाडाला काही झालेलं नाही, तरी तोडा म्हणतात!

अळीमिळी_गुपचिळी

अमेरिकेतल्या फ्लोरिडात लिंबूवर्गीय झाडांवर आलेल्या कँकर रोगाबद्दल वाचत होतो. वाचून डोकं भणाणलं, म्हणून हा धागा.

१९९५ मध्ये मायामी विमानतळाजवळच्या वस्तीत, एका घराच्या परसात, लिंबूवर्गीय झाडावर हा रोग सापडला. पानावर, फळावर खरखरीत, बुचासारखे वर आलेले डाग आणि भोवती पिवळं कडं. फळ खाणाऱ्याला काहीही अपाय नाही. पण रोग जिवाणूचा, एकदा लागला की झाड बरं होत नाही आणि वादळी पावसाच्या थेंबांबरोबर उडत जातो. सरकारने ठरवलं, रोगट झाडापासून १२५ फुटांच्या आतलं प्रत्येक लिंबूवर्गीय झाड तोडायचं. तरी रोग आवरेना. मग २००० साली ते अंतर वाढवून थेट १९०० फूट केलं.

जरा हिशोब करून बघा. १२५ फुटांचं वर्तुळ म्हणजे सव्वा एकरही नाही. १९०० फुटांचं वर्तुळ म्हणजे २६० एकर. एका रोगट झाडापायी २६० एकरांतली सगळी झाडं, मग त्यांच्यावर एक डागही नसो! बागांतली, रोपवाटिकांतली, लोकांच्या अंगणातली मिळून १ कोटी ६० लाखांवर झाडं गेली. पुढे २००४ आणि २००५ ची चक्रीवादळं आली, त्यांनी रोग कुठल्या कुठे नेऊन टाकला, आणि जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केलं की निर्मूलन आता शक्य नाही.

झाडंही गेली आणि रोगही राहिला. तर प्रश्न असा: निरोगी दिसणारं झाड तोडायचा अधिकार सरकारला असावा का? असला तर कुठवर?

स्वच्छंदी

नसावा. माझी जमीन, माझं झाड. रोगट असेल तर मीच तोडेन, मला काय त्यातून अंडी उबवायची आहेत? धडधाकट झाडाला हात लावणारा तो दरोडेखोर, मग त्याच्या हातात कुऱ्हाड असो की अधिसूचना.

कलम_१४४

@स्वच्छंदी, रागावू नका, पण हा वाद तुमच्या-माझ्या जन्माच्या आधीच कोर्टात जाऊन आलाय.

व्हर्जिनिया, अमेरिका. सफरचंदाच्या तांबेऱ्याची बुरशी अर्धं आयुष्य सफरचंदावर काढते आणि अर्धं लाल देवदारावर. देवदाराचं फारसं बिघडत नाही, सफरचंदाची मात्र बाग बसते. १९१४ मध्ये तिथे कायदा आला की सफरचंदाच्या बागेपासून दोन मैलांच्या आत देवदार ठेवायचा नाही. त्या भागातल्या दहा जमीनमालकांनी अर्ज द्यायचा, राज्याचा कीटकशास्त्रज्ञ पाहणी करणार आणि तोडायचा हुकूम काढणार. मिलर नावाच्या मालकाची शोभेची देवदारं होती, दोनशेच्या वर. तो लढत लढत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि १९२८ मध्ये हरला. तोडणावळ म्हणून १०० डॉलर आणि झाडांचं लाकूड त्याला मिळालं. झाडांच्या किमतीची भरपाई शून्य.

कोर्टाचा युक्तिवाद मला अजूनही बिनतोड वाटतो. दोन मालमत्ता अशा शेजारी आल्यात की एक राहिली तर दुसरी मरते. अशा वेळी सरकार गप्प बसलं तर तोही निर्णयच झाला, फक्त सफरचंदवाल्याच्या विरुद्धचा. तेव्हा 'सरकारने मध्ये पडू नये' म्हणणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे.

स्वच्छंदी

भरपाई शून्य! याला न्याय म्हणतात? सफरचंदवाल्यांची बाग वाचली ना, मग त्यांनी वर्गणी काढून द्यायची होती मिलरला.

कलम_१४४

इथे मात्र मी तुमच्या बाजूने.

सूक्ष्मदर्शक

वनस्पतीरोगशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून वर्तुळाबद्दल लिहितो. १९०० हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. मायामीच्या आसपास शास्त्रज्ञांनी हजारो झाडांची नोंद ठेवली. आज रोगट असलेल्या झाडापासून महिनाभरात नवी लागण किती लांब होते ते मोजलं, तेव्हा साधारण ९५ टक्के लागण १९०० फुटांच्या आत मिळाली. १२५ फुटांत मिळत होती ती फार थोडी, म्हणून रोग सारखा सरकारच्या पुढे पळत होता.

लक्षण आणि लागण यांत अंतर असतं, हे कळलं की अर्धा वाद मिटतो. 'निरोगी झाड' म्हणताना आपण 'डाग न दिसणारं झाड' म्हणतो. कँकरमध्ये हे अंतर आठवड्यांचं किंवा थोड्या महिन्यांचं. संत्र्याच्या ग्रीनिंगमध्ये वर्षांचं. हाही जिवाणूचाच रोग. ग्रीनिंगचं झाड हिरवंगार उभं असतं, त्यावरचा सायला, म्हणजे रस शोषणारा बारीकसा किडा, ते जिवाणू घेऊन शेजारच्या बागेत पोचलेला असतो, आणि मालक म्हणत असतो, माझ्या झाडाला काही झालेलं नाही. फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये. म्हणजे वाहक सात वर्षं घरात वावरत होता. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या, २०२२-२३ मध्ये १ कोटी ६० लाखही नाहीत. वादळांचा हात त्यात आहेच, पण मुख्य मारेकरी ग्रीनिंग.

गंमत म्हणा की दैवदुर्विलास, कँकरच्या मागे कुऱ्हाडी घेऊन धावताना खरा यमदूत मागच्या दाराने आत आला. कँकरमुळे फळ डागाळतं आणि गळतं. ग्रीनिंगमुळे बागाच संपतात.

काडीपैलवान

झाडांचं बोलून झालं असेल तर जरा वेलींकडे या.

द्राक्षात असाच एक रोग आहे, फ्लाव्हेसन्स दोरे. फायटोप्लाझ्माचा, म्हणजे जिवाणूसारख्याच एका सूक्ष्म जंतूचा. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात आर्मान्याक भागात पहिल्यांदा दिसला. पसरवतो एक तुडतुडा, तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. वेल ओळखायची कशी? पानं खालच्या बाजूला वळतात, काळ्या जातीत लाल आणि पांढऱ्या जातीत पिवळी पडतात, घड सुकतात. आणि बागायतदाराच्या बोटांना आधी कळणारी खूण म्हणजे काडी पक्व होत नाही. हंगाम संपत आला तरी काडी हिरवी आणि रबरासारखी लिबलिबीत. वाकवली तर वाकते, मोडत नाही. सरळ खाली लोंबते.

औषध नाही. रोगट वेल उपटायची हा तिथे कायदा आहे. एखाद्या बागेत २० टक्क्यांवर वेली रोगट निघाल्या तर अख्खी बाग उपटायची. आणि तुडतुड्यासाठी सक्तीची फवारणी, प्रिफेक्टच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या सरकारी प्रमुखाच्या हुकुमाने, तारखांसकट.

त्या तारखांमागचं गणित मला फार आवडतं. तुडतुड्याची वर्षात एकच पिढी. अंडी हिवाळाभर सालीखाली. अंड्यातून निघालेलं पिल्लू स्वच्छ असतं, रोगट वेलीचा रस प्यालं की मग त्याच्यात रोग जातो. पण त्यानंतरही साधारण महिनाभर ते रोग देऊ शकत नाही, तेवढा वेळ जंतू त्याच्या अंगात वाढत असतो. म्हणून पहिली फवारणी पिल्लं दिसल्यावर लगेच नसते, सुमारे महिन्याने असते. तोवर बहुतेक अंडी उबलेली असतात आणि रोग द्यायला लायक पिल्लू एकही झालेलं नसतं. एका फवारणीत बरेचसे सापडतात. उशीर झाला की गणित चुकलं. इथे प्रत्येकाने आपापल्या सोयीने फवारून चालत नाही, हे यातून दिसतं.

मृद्गंधा

पण तिथेच त्या सेंद्रिय शेतकऱ्याला कोर्टात खेचलं होतं ना?

काडीपैलवान

हो, इमान्युएल जिबुलो. बर्गंडीत बोनजवळ १० हेक्टर बाग, सेंद्रिय-बायोडायनॅमिक पद्धतीची. २०१३ मध्ये अख्ख्या कोत-दोर जिल्ह्याला सक्तीच्या फवारणीचा हुकूम निघाला. हा म्हणाला, माझ्या आसपास रोग नाही, मी फवारणार नाही, मित्रकीटक मरतील. सहा महिने कैद आणि ३०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकत होता. एप्रिल २०१४ मध्ये १००० युरो दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित. डिसेंबर २०१४ मध्ये अपिलात निर्दोष सुटला.

त्याला हिरो करणारे एक गोष्ट सांगत नाहीत. तो सुटला ते फवारणी चुकीची होती म्हणून नाही. हुकुमाला मंत्र्याची मंजुरी घ्यायला हवी होती, ती घेतली नव्हती. कागद कच्चा होता म्हणून सुटला.

आणि त्याला व्हिलन करणारे दुसरी गोष्ट सांगत नाहीत. एका कोपऱ्यात रोग सापडला म्हणून अख्ख्या जिल्ह्याला सरसकट हुकूम, हे त्याचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. फवारण्यांची संख्या सापळ्यांत आणि पाहणीत काय सापडतं त्यावर ठरवायची, ही दिशा तिथे नंतर जास्त जोर धरत गेली. प्रत्येक वेल बघायला माणसं लागतात. बागायतदारच गट करून ओळीओळीने चालतात, संशयित वेलीला फीत बांधतात. कंटाळवाणं काम आहे, पण फवारणी वाचते ती यानेच.

उंटावरचा_शहाणा

अवांतर: सक्तीची फवारणी म्हणजे कॅलिफोर्निया १९८१! भूमध्य फळमाशी आली, गव्हर्नर जेरी ब्राऊन म्हणाले वस्तीवर हेलिकॉप्टरने मॅलेथिऑन हे कीटकनाशक टाकणार नाही. केंद्राने दम दिला, फवारा नाहीतर तुमची फळं राज्याबाहेर जाऊ देणार नाही. ब्राऊननी मान तुकवली. लोक घाबरलेले, म्हणून सरकारातल्या बी. टी. कॉलिन्स नावाच्या अधिकाऱ्याने पातळ केलेलं मॅलेथिऑन सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं! :ड

सूक्ष्मदर्शक

पिऊन दाखवणं हा काही विषशास्त्रातला प्रयोग नाही. एका माणसाने एकदा प्यायल्याने लहान मुलांवर वारंवार उडणाऱ्या तुषारांबद्दल काहीही सिद्ध होत नाही. असल्या नाटकांनी विश्वास वाढत नाही, कमीच होतो.

त्याच फळमाशीवर आज तिथे काय करतात ते जास्त बघण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसच्या भागात १९९६ पासून वंध्य केलेल्या माश्या विमानातून सोडतात, रोग-कीड सापडल्यावर नव्हे, आधीच, कायम. माश्यांना चमकणारा रंग लावलेला असतो. सापळ्यात माशी सापडली की अतिनील दिव्याखाली धरायची. चमकली तर आपली, नाही चमकली तर धावपळ सुरू.

बांधावरची_बोर

सगळं वाचतेय. मला एक कळत नाही, शेतकरी रोग सापडल्यावर स्वतःहून कळवतो तरी का? मी कळवलं तर माझी बाग जाणार, गप्प बसले तर निदान यंदाचं पीक हातात. कुठला शहाणा फोन करेल?

अळीमिळी_गुपचिळी

@बांधावरची_बोर, माझ्या मते हाच या धाग्याचा गाभा आहे. आयडीही त्यावरूनच घ्यायला हवा होता. अरे हो, घेतलाच आहे.

कलम_१४४

भरपाई ही दया म्हणून द्यायची नसते, माहिती मिळावी म्हणून द्यायची असते. हे सगळ्यात नीट ऑस्ट्रेलियाने कागदावर आणलंय असं माझं मत.

२००४ मध्ये क्वीन्सलंडमधल्या एमराल्ड भागात कँकर सापडला. त्या भागातली लिंबूवर्गीय झाडं सरसकट काढली, बागांतली आणि घरांतलीही, मग काही काळ नवी लागवड बंद. २००९ मध्ये भाग रोगमुक्त जाहीर झाला. फ्लोरिडात जमलं नाही ते इथे जमलं, कारण भाग एकटा होता, कोरडा होता, आणि मध्ये चक्रीवादळ आलं नाही. नशिबाचा वाटा नाकारू नये.

२००५ पासून तिथे केंद्र, राज्यं आणि पीकवार उत्पादक संघटना यांच्यात एक करार आहे. संकट यायच्या आधीच किडींचे चार वर्ग पाडून ठेवलेत. जिने जनतेचं किंवा निसर्गाचं नुकसान होतं तिचा सगळा खर्च सरकारचा. जिचा तोटा मुख्यतः धंद्यालाच, तिथे ८० टक्के उत्पादकांचे आणि २० टक्के सरकारचे. मधल्या दोन वर्गांपैकी एकात सरकारचे ८० आणि उत्पादकांचे २०, दुसऱ्यात निम्मे-निम्मे. पैसे देणारा निर्णयाच्या टेबलावर बसतो, आणि ज्याची झाडं हुकुमाने तोडली त्याच्या नुकसानीची परतफेड ठरलेल्या सूत्राने होते. आग लागल्यावर विहीर खणत बसायचं नाही.

याउलट फ्लोरिडात घरमालकांना काय दिलं? पहिल्या झाडाला १०० डॉलरचं दुकानाचं व्हाउचर, पुढच्या प्रत्येक झाडाला ५५ डॉलर. लोक चिडून कोर्टात गेले. २००४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने झाडं तोडायचा कायदा वैध ठरवला, पण भरपाईचे खटले पुढे दहा वर्षांहून जास्त रेंगाळले. आणि खटल्यांच्या काळात तोडणी अडली की जिवाणू काही स्थगितीचा मान राखत नाही.

स्वच्छंदी

ऑस्ट्रेलियाची पद्धत बरी वाटली. पण 'तोडा' म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाची चूक निघाली तर? त्याला कोण तोडणार?

सूक्ष्मदर्शक

इटलीत तोही प्रयत्न झाला.

२०१३ मध्ये पुलिया प्रांतात गल्लिपोलीजवळ ऑलिव्हच्या झाडांत झायलेला सापडला. जिवाणू झाडाच्या जलवाहिन्यांत राहतो, पाणी वर चढू देत नाही. शेंडे आधी जळल्यासारखे होतात, मग फांद्या, मग ते शतकांचं झाड. एक फेसकिडा तो पसरवतो. युरोपीय संघाने २०१५ मध्ये नियम केला: रोगट झाडाभोवती १०० मीटरपर्यंत त्या जिवाणूला आसरा देऊ शकणारी सगळी झाडं काढायची, रोगट असोत वा नसोत. लोक झाडांना मिठ्या मारून, रस्ते अडवून उभे राहिले. मला त्या लोकांचा राग येत नाही. ज्या झाडाखाली पाच पिढ्या गेल्या, ते तोडायला आलेल्या माणसाला कोण ओवाळेल?

पण डिसेंबर २०१५ मध्ये लेच्चेच्या सरकारी वकिलांनी तोडणीच थांबवली आणि संशोधकांवर, मोहिमेच्या आयुक्तांवर चौकशी लावली, रोग त्यांनीच पसरवला की काय म्हणून. ती चौकशी २०१९ मध्ये बंद झाली, हाती काही लागलं नाही. दरम्यान जून २०१६ मध्ये युरोपच्या न्यायालयाने १०० मीटरचा नियम योग्य ठरवला, आणि २०१९ मध्ये उलट इटलीलाच दोष दिला की झाडं वेळेत काढली नाहीत. तोवर जिवाणू उत्तरेकडे सरकला होता.

नंतर २०२० च्या नियमात १०० चे ५० मीटर झाले. म्हणजे आंदोलकांचं ओरडणं अगदी वाया गेलं असं नाही.

मृद्गंधा

मग थांबायचं कधी? निर्मूलन जमणार नाही हे मान्य करायला सरकारला इतकी वर्षं का लागतात?

काडीपैलवान

प्रत्येक वेळी जमत नाही असंही नाही. प्लम पॉक्स घ्या, पीच-आलूबुखाराचा विषाणू, मावा पसरवतो. पेनसिल्व्हेनियात १९९९ मध्ये सापडला, बागा काढल्या, मालकांना पैसे दिले, वर्षानुवर्षं पानं तपासली, २००९ मध्ये मोकळे झाले. तोच विषाणू कॅनडात ओंटारिओत २००० मध्ये सापडला, तिथेही तोडलं, तपासलं. २०११ मध्ये त्यांनी मान्य केलं की आता निर्मूलन नाही, फक्त आवर घालायचा. कॅलिफोर्नियातल्या नापा भागात द्राक्षावरची युरोपीय पतंगवर्गीय अळी २००९ मध्ये आली, २०१६ मध्ये संपली. तिथे कुऱ्हाड कमी, कामगंध जास्त. मादीच्या गंधाच्या एवढ्या कांड्या टांगल्या की नराला खरी मादी सापडेना. गावातल्या परसातल्या वेलींवरही टांगल्या, फक्त मोठ्या बागांत टांगून भागलं नसतं.

आणि फसलेलं जुनं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं जिलाँग. १८७७ मध्ये फायलोक्झेरा, म्हणजे द्राक्षाच्या मुळांवर जगणारी माव्यासारखी बारीक कीड, सापडला, सरकारने तिथल्या द्राक्षबागा उपटायला लावल्या. पुढे तो त्याच राज्यातल्या बेंडिगोत निघालाच. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने धडा घेतला, १८९९ मध्ये कायदा केला, बागायतदारांच्याच पट्टीवर मंडळ चालवलं आणि मुळ्या, काड्या, यंत्रं, अगदी बुटांची माती यावर डोळा ठेवला. त्या राज्यात फायलोक्झेरा अजून नाही.

म्हणून मी तरी म्हणतो, तोडण्याच्या अधिकारापेक्षा दारावर उभं राहण्याचा अधिकार आधी वापरा. रोग बहुतेक वेळा माणसाच्या हातून कलमातून येतो. फ्लाव्हेसन्स दोरेसाठी रोपवाटिकेतली काडी ५० अंश पाण्यात ४५ मिनिटं ठेवतात, जंतूही मरतो आणि सालीतली अंडीही. पाऊण तासाचं काम. ते टाळून पुढे अख्खी बाग उपटायची!

बांधावरची_बोर

आमच्याकडे तपासणीला दिलेल्या पानांचा अहवाल छाटणी उरकल्यावर आला होता, त्यामुळे दारावर उभं राहणाऱ्यांबद्दल मी फारशी आशा ठेवत नाही. असो. शेवटचा प्रश्न. शेजारची बाग बेवारस आहे. मालक परागंदा. फवारणी नाही, छाटणी नाही, कीड नुसती नांदतेय. तिथे काय?

स्वच्छंदी

ती तोडा. आजच तोडा. वाटल्यास मी येतो मदतीला.

अळीमिळी_गुपचिळी

ऑ?! पहिला प्रतिसाद परत वाचा साहेब. माझी जमीन, माझं झाड?

स्वच्छंदी

त्याची जमीन, त्याचं झाड, आणि कीड माझ्या बागेत. फरक आहे.

कलम_१४४

हाच फरक मिलरच्या शेजारचे सफरचंदवाले सांगत होते. :)

@बांधावरची_बोर, बेवारस बागेचं उत्तर बहुतेक कायद्यांत आहे. कॅलिफोर्नियात किडीचं माहेरघर झालेली बाग सार्वजनिक उपद्रव मानली जाते. नोटीस देऊनही मालकाने साफ केली नाही तर अधिकारी साफ करून घेतो आणि खर्चाचा बोजा त्या जमिनीवर चढतो. फ्रान्समध्येही फ्लाव्हेसन्स दोरेच्या पट्ट्यात सोडून दिलेल्या वेली काढायला लावतात. फ्लोरिडाने वेगळी वाट काढली. निर्मूलनामुळे किंवा क्वारंटाईनमुळे जमीन पडीक ठेवावी लागली तरी ती शेतीचीच धरायची आणि करासाठी तिची किंमत एकरी ५० डॉलरवर लावायची नाही. म्हणजे झाडं काढली म्हणून कर चढेल या भीतीने कोणी मेलेली बाग उभी ठेवत नाही. तुमच्याकडे यातलं काय लागू आहे ते आधी लेखी विचारा, आणि तोंडी उत्तरावर विसंबू नका. पोच घ्या.